दसऱ्याची तारीख

सानपाड्याच्या सर्व्हिस रोडवर अजूनही कुणी भेटलं की विचारतं, "तुमचा तो साबळे शेठ बुडाला कसा हो? पत्ते की बाई?" एकदा मी एकाला चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, बाबा रे, त्या माणसाला पत्त्यातली राणीसुद्धा ओळखता आली नसती, आणि बायकांशी बोलताना तो बोनेटकडे बघून बोलायचा. पण भांडून काय होतं? लोकांना गोष्ट हवी असते, आणि खरी कुणी सांगत नाही म्हणून ते आपापली बनवतात. तर खरी मी सांगते. सोळा वर्षं त्याच्या ऑफिसातले कागद मीच लिहिले, आणि ज्या कागदानं तो बुडाला त्याच्यावरचं अक्षरही माझंच आहे.

माझं नाव राजश्री, राहायला कोपरखैरण्याला. माझं अक्षर चांगलं आणि तोंड वाईट, असं आमचे शेठ म्हणायचे.

धनाजी साबळे मूळचा पाटणकडच्या डोंगरातला. वडील शहाजी एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पोरगा दहावीच्या गणितात अडकला आणि मार्केटच्या पार्किंगमध्ये व्यापाऱ्यांच्या गाड्या पुसायला लागला. मग एका लसणाच्या व्यापाऱ्याचा ड्रायव्हर झाला, आणि सुट्टीच्या दिवशी तुर्भ्याच्या गॅरेजात फुकट राबायला लागला. फुकट का, तर इंजिन उघडं बघायला मिळायचं. व्यापाऱ्यानं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी ओम्नी भंगाराच्या भावानं धनाजीला दिली. त्यानं ती महिनाभर खोलली, जोडली, आणि सहा माथाड्यांना मिळून एक अशी विकली. सहा घरांत एक गाडी. यात्रेला गावी न्यायची ती, पोरीला दवाखान्यात न्यायची ती, नवरदेव आणायचा तो तिच्यातूनच. ती ओम्नी अकरा वर्षं चालली आणि सहा जणांत तिच्यावरून एकदाही भांडण झालं नाही. ह्याचं श्रेय धनाजी स्वतः घ्यायचा.

त्याची धंद्याची एक पद्धत होती. गाडीत जी जी खोट असेल ती तो पुढच्या काचेवर खडूनं लिहायचा. 'क्लच नवा. एसी अशक्त. डावा दरवाजा ठोकून रंगवलेला.' एवढ्या मोठ्या अक्षरांत की रस्त्यावरून वाचता यावं. बाकीचे डीलर हसायचे. पण गिऱ्हाईक यायचं ते काच वाचत यायचं, आणि ज्या गाडीवर जास्त लिहिलेलं तीच आधी खपायची. पुन्हा ह्याचे प्रश्न वेगळेच. बजेट किती हे विचारायचाच नाही. "गावाकडं जाताना किती माणसं बसणार? म्हातारं कुणी हाय का? त्येंचं गुडघं कसं हायत?" गुडघे ऐकून तो गाडी ठरवायचा. मग गिऱ्हाइकाला शेजारी बसवून पारसिक हिलचा चढ चढवून दाखवायचा, आणि चढावर गाडी दमली तर स्वतःच म्हणायचा, "ही तुमच्यासाठी न्हाय." मी डोक्याला हात लावायचे.

सुरुवातीला तीन गाड्या रस्त्याच्या कडेला लावून उभा राहायचा. ट्रॅफिकवाले उचलून न्यायचे, हा सोडवून आणायचा, ते पुन्हा न्यायचे. समोर गोटीराम मढवी यांचा प्लॉट होता. गोटीरामकाका इथलेच, खाडीकाठचे. भातशेती सरकारनं नवी मुंबईसाठी घेतली त्याच्या बदल्यात साडेबारा टक्के जमीन परत द्यायच्या योजनेत हा प्लॉट मिळालेला. काका रोज गेटवर खुर्ची टाकून ही उचलाउचली बघायचे. एक दिवस त्यांनी गेट उघडलं आणि ओरडले, "ए साताराकर, गारी आत लाव! बगून बगून माजं डोकं दुखलं."

"काका, भाडं किती?"

"भारा नंतर बगू. आदी चा पी."

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसहाला धनाजी काकांच्या ओट्यावर चहाला. काका, विमलकाकी आणि हा. तीन कप. लग्नसराई असो, दिवाळी असो, ऑफिसात गिऱ्हाईक ताटकळत बसलेलं असो, साडेसहा वाजले की शेठ उठले. त्या अर्ध्या तासात फोन मी घ्यायचे आणि साफ खोटं सांगायचे की शेठ बँकेत गेलेत. साडेसहाला कुठली बँक उघडी असते हे कुणी विचारलं नाही.

तीन गाड्यांच्या दहा झाल्या, दहाच्या चाळीस. 'राजाबाई मोटर्स' असा बोर्ड लागला, आईच्या नावानं. आई म्हणाली, "माजं नाव गाड्यांवर? मला सायकल येत न्हाय." बोर्डाला हळदकुंकू मात्र तिनंच वाहिलं. माथाड्यांपासून सुरू झालेलं गिऱ्हाईक खारघरच्या टॉवरपर्यंत पोचलं. धनाजीनं सीवूडसला फ्लॅट घेतला, आईला काशी घडवली, माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनला मी न मागता सुट्टी आणि पाकीट दिलं. मला तो माणूस फार प्रिय होता. हे आता सांगून टाकते, म्हणजे पुढचं मी का चिडून सांगते आहे ते कळेल.

पुढचं समजायला धंद्यातली एक गोष्ट माहीत हवी. जुनी गाडी डीलर स्वतःच्या नावावर कधी करत नाही. मूळ मालकाच्या सह्या ट्रान्सफरच्या फॉर्मवर घेऊन ठेवायच्या, गिऱ्हाईक मिळालं की थेट त्याच्या नावावर चढवायची. मधल्या काळात गाडी आमच्या यार्डात, पण गाडीच्या आरसी पुस्तकात नाव जुन्या मालकाचं. डीलरचं नाव कुठेच नाही. म्हणून गाडी ताब्यात देताना एक डिलिव्हरी नोट लिहितात. बाजारात छापील मिळते. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ. त्या मिनिटापासून गाडीचं बरंवाईट घेणाऱ्याचं. एवढासा कागद, पण तोच सगळ्यांचा राखणदार.

आणि आमच्याकडे पितृपक्षात कुणी गाडी घेत नाही. पंधरा दिवस नुसत्या माशा मारायच्या. धनाजीनं त्यावर तोड काढली. ज्याला गाडी अगदी तातडीनं हवी त्याला सांगायचा, "आज न्या, वापरा. कागदावर दसऱ्याची तारीख टाकतो. नावावर दसऱ्याला करू, पूजा बी तवाच करा. म्हंजे गाडी घेतली दसऱ्यालाच!" लोक खूश. घरातली म्हातारी माणसं खूश.

"शेठ," मी म्हणायचे, "आपल्या पितरांना वाचता येत नाही असं धरून चाललाय तुम्ही."

"आगं ताई, माझ्या आज्याला खरंच येत नव्हतं," तो म्हणायचा. आठ वर्षं हे असंच चाललं. कधी काही झालं नाही.

त्या वर्षी धनाजीला एका मोठ्या कंपनीची नव्या गाड्यांची एजन्सी मिळाली. खारघरला हायवेवर काचेचं शोरूम उभं राहत होतं आणि दसऱ्याला उद्घाटन होतं. गाड्या पुसणाऱ्याच्या हातात नव्या गाड्यांच्या किल्ल्या. ते पत्र आलं तेव्हा तो ते घेऊन आधी काकांकडे गेला, मग आईकडे. काका म्हणाले, "दसऱ्याला मी येनार. पयली गारी बगायची हाय मना." कंपनीची एक अट होती: मालकावर पोलिसांत काही नको, कसलीही केस नको. आम्ही हसलो होतो. केस कसली?

त्याच भाद्रपदात काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांनी आपली पांढरी गाडी आमच्याकडे विकायला दिली. फार जपलेली गाडी. काचेवर लिहायला धनाजीला काही सापडेना, म्हणून त्यानं लिहिलं, 'मालक चांगला.' काकांनी सगळ्या फॉर्मवर, डिलिव्हरी नोटवरसुद्धा, कोऱ्या सह्या केल्या. "जितं सांगशील तितं सई करतो. मना काय वाचाचं हाय?"

पितृपक्षाच्या पंचमीला खारघरचा केतन म्हणून एक तरुण आला. बायको नमिता आठव्या महिन्यात, गाडी आजच हवी. पण आई म्हणते पितृपक्षात वाहन घरात येणार नाही. धनाजीनं नेहमीची तोड सांगितली. मी नोट लिहायला घेतली. कागद बघितले तर विमा आठवड्यात संपत होता.

"शेठ, विमा संपतोय. निदान आजची तारीख तरी टाकू या."

"दसऱ्याला त्येंच्या नावानं नवाच काढायचाय. मधल्या दहा-बारा दिवसांसाठी कशाला? लिव्ह दसऱ्याची." त्याच्या एका हातात शोरूमच्या फरशीचा नमुना होता, दुसऱ्या हातात फोन.

मी लिहिलं. देणार: गोटीराम मढवी. घेणार: केतन अमुक तमुक. तारीख: दसऱ्याची. वेळ: सकाळी अकरा. माझ्या सुवाच्य अक्षरात. तोंड वाईट म्हणून माझी ख्याती, पण त्या दिवशी एकदा बोलून मी गप्प बसले.

चतुर्दशीला सकाळी सहा वाजता केतन आईला स्टेशनवर सोडायला निघाला. पाम बीच रोडच्या सिग्नलला त्यानं एका सायकलवाल्याला उडवलं. माणूस दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. भैरू त्याचं नाव. कांदा-बटाटा मार्केटचा माथाडी, रात्रपाळीच्या गाड्या उतरवून घरी चाललेला. मागे बायको राजेश्वरी आणि आठवीतली मुलगी उन्नती.

केतनचा फोन आला तेव्हा धनाजी शोरूममध्ये होता. त्यानं फक्त "कुठल्या मार्केटचा?" एवढंच विचारलं आणि तिथल्या सिमेंटच्या गोणीवर बसला.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. काकांच्या घरी पानं वाढलेली, काका गच्चीवर कावळ्याची वाट बघत उभे, आणि खाली पोलीस. गाडी पुस्तकात काकांच्या नावावर. विमा संपलेला. केतननं नोट दाखवलेली, तिच्यावर पुढची तारीख. म्हणजे अपघाताच्या दिवशी गाडी कागदोपत्री काकांचीच. वाढलेलं पान तसंच ठेवून काका त्यांच्याबरोबर गेले. संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होते, सत्तर वर्षांचा माणूस. त्यांनी जबाब दिला: "गारी माजी. मीच दिली. धनाजीनी फकस्त ओळख करून दिली."

का असा जबाब दिला हे कुणी सांगायची गरज नव्हती. दसऱ्याला दहा दिवस होते.

वकील धनाजीला म्हणाला, "तुमचं नाव एकाही कागदावर नाही, साबळे. म्हातारेबुवांनी तुम्हाला सोडवलंय. आता फक्त गप्प बसा." तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला बोलावलं. मीही गेले बरोबर. साहेबांनी काकांचा जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, "मढवी म्हणतात तुम्ही फक्त ओळख करून दिलीत. बरोबर?"

धनाजीनं माझ्याकडे बघितलं. मी टेबलाच्या कडेकडे बघितलं. त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर? हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते आणि रोज चिडते.

"हो," तो म्हणाला.

ज्या माणसानं चाळीस-चाळीस गाड्यांची खोट रस्त्यावरून दिसेल अशी लिहिली, त्याला एवढं एक वाक्य बोलता आलं नाही. बाहेर आल्यावर मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो म्हणाला, "ताई, दसरा होऊ दे. दसरा झाला की मी सोता जाऊन सांगतो. आठ दिवसांनी काय बिघडतंय?" त्या आठ दिवसांत काकांना चारदा बोलावणं आलं. चारही वेळा ते रिक्षानं गेले, रिक्षानं आले. आणि सोळा वर्षांत पहिल्यांदाच धनाजी साडेसहाला ऑफिसातून उठेनासा झाला. "कामं हायत," म्हणायचा आणि रिकाम्या टेबलावर पेन फिरवत बसायचा. काकांचं घर दोन मिनिटांवर. ओटा आमच्या खिडकीतून दिसायचा, म्हणून त्यानं खिडकीला पडदा लावून घेतला.

दसरा आला. शोरूमला झेंडूची तोरणं, कंपनीचे सूटवाले साहेब, कॅमेरे. काचेवर काहीही लिहायचं नाही असा कंपनीचा नियम होता, त्यामुळे काचा नुसत्या चकाकत होत्या. राजाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. रिबन कापून झाली आणि गर्दीतून गोटीरामकाका आले. पांढरा सदरा, टोपी, डोळ्याला हिरवी पट्टी, कारण ऑपरेशन पोलीस स्टेशनच्या फेऱ्यांतच कसंबसं उरकलेलं. हातात आपट्याची पानं. त्यांनी चाचपत धनाजीचा हात धरला आणि पानं ठेवली.

"सोनं घे. सोन्यासारखा ऱ्हा."

धनाजी पायाशी वाकला. आशीर्वाद घेऊन माणूस उठतो, हा उठेचना. काका त्याच्या पाठीवर थोपटत राहिले, "ऊठ, मानसं बगतात." मग ते शोरूममधल्या पहिल्या गाडीजवळ गेले, तिच्यावरून हात फिरवला, "मस्त हाय," म्हणाले आणि पेढा खिशात ठेवून रिक्षात बसले.

दुपारी तीन वाजता, पाहुणे जेवत असताना, धनाजी मला म्हणाला, "ताई, कागद घे." आम्ही दोघं पोलीस स्टेशनला गेलो. गाडी आपल्या ताब्यात होती, आपण दिली, तारीख आपण खोटी टाकायला लावली, आधीचा जबाब खोटा, सगळं त्यानं सांगितलं. अक्षर माझं आहे असं मीही लिहून दिलं. साहेबांनी पेन खाली ठेवून विचारलं, "अहो, हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? म्हाताऱ्यानं फेऱ्या मारल्या ना इथं." धनाजीनं जबाबाचा कागद पुढं ओढला आणि सही केली.

एजन्सी महिन्याभरात गेली. खोटा जबाब दिला म्हणून त्याच्यावरही केस झाली. पण खरा घाव दुसरीकडे बसला. बातमी पसरली आणि जुनी गिऱ्हाइकं रांगेनं यार्डात यायला लागली. "आमची गाडी तरी नावावर झाली का हो?" झालेली असायची, मी आमची नोंदवही काढून दाखवायचे, पण विचारायचं त्यांनी सोडलं नाही. त्या पहिल्या ओम्नीच्या सहा जणांतलेही दोघं आले. ते विचारून गेले आणि शेठनं त्या दिवशी खडूचा डबा कपाटात टाकला. काकांनी जागा सोड असं कधीच म्हटलं नाही. ह्यानंच सोडली.

त्यात कायद्याचं घोडं अडलेलं. पोलिसांचं एक वेळ मिटेल, पण नुकसानभरपाईच्या दाव्यात पुस्तकात ज्याचं नाव तोच मालक, आणि विमा नाही म्हणून भरायचंही त्यानंच. धनाजीनं कितीही छाती पिटून सांगितलं तरी काकांचं नाव दाव्यातून निघेना. एकच मार्ग होता. भैरूच्या बायकोशी तडजोड करायची आणि तिचं सगळं ह्यानं द्यायचं. ते त्यानं केलं. काय काय विकलं ते मी सांगत बसणार नाही, सोळा वर्षं तेच लिहिलंय. सीवूडसचा फ्लॅट गेला, आई गावी गेली आणि धनाजी द्रोणागिरीच्या एका यार्डात कामाला लागला. बंदराकडच्या त्या भल्यामोठ्या यार्डात ट्रेलरमधून नव्या गाड्या उतरतात, त्या चालवत नेऊन रांगेत लावायच्या. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढायचं नसतं. एकदा मी भेटायला गेले तर म्हणाला, "ताई, रोज साठ नव्या गाड्या चालवतो. एवढ्या तर माझ्या शोरूमला बी आल्या नसत्या." आणि हसला. मला रडू आलं, मी त्याच्यासमोरच रडले.

पण मला खरा राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला धनाजी काकांकडे गेला होता. मी रिक्षात बसले होते. गेटवर काकांचा मुलगा हरेश उभा, मागे ओटा रिकामा. "बाबांची तब्बेत बरी नाय. तुमी नका येऊ आता." बापाला पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलेलं बघितलेला मुलगा, त्याला तरी काय बोलणार? धनाजी परत आला. मी म्हटलं, उद्या पुन्हा जा, परवा जा, ओट्यावर जाऊन बस. तो म्हणाला, "काकांचं नाव कागदावरनं निघू दे. साफ कागद हातात घिऊनच जातो. तवर कुठल्या तोंडानं जाऊ?" म्हणजे परत तेच. आज नको, तारीख आली की. एवढं सगळं होऊनही ह्या माणसाची ती सवय सुटली नाही.

तडजोडीला सव्वा वर्ष लागलं. हुकूम हातात यायच्या तीन महिने आधी गोटीरामकाका गेले. वय होतं, साखर होती, केसमुळे गेले असं मी म्हणणार नाही. अंत्ययात्रेत धनाजी सर्व्हिस रोडच्या पलीकडच्या बाजूनं चालला. स्मशानाच्या फाटकापाशी थांबला, आत गेला नाही.

हुकूम आला त्या दिवशी द्रोणागिरीहून सरळ निघून तो माझ्या दारात आला. यार्डाचा निळा शर्ट अंगात, प्लास्टिकच्या पिशवीत कागद. आम्ही काकांच्या घरी गेलो. गेट उघडंच होतं. विमलकाकी ओट्यावर बसल्या होत्या. हरेश बापाच्या खुर्चीत होता, आम्हाला बघून उठला, पण अडवलं नाही.

"काकी," धनाजी खालीच पायरीवर बसला, "काकांचं नाव निघालं. बघा. गोटीराम मढवी यांच्यावर आता काई न्हाय." आणि ज्या ओळीवर ते लिहिलं होतं तिच्यावर बोट ठेवून राहिला.

काकींनी कागद घेतला. त्यांना वाचता येत नाही. पदरानं पुसला आणि मांडीवर ठेवला. मग आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. मला एक कप, त्याला एक, स्वतःला एक.

"लय वाट बगली त्यांनी," काकी म्हणाल्या. "पयल्या दिवशी पोलिसांकरून आले, ओट्यावर बसले, मना म्हनाले, तीन कप ठेव, धनाजी येल. मी ठेवले. तू नाय आलास. दुसरे दिवशी पन तेच. मी म्हनायची, अहो तो नाय येत. तर म्हनायचे, तू ठेव. दसऱ्याला बोलले, तो नाय येत तर आपुन जाऊ, सन हाय, सोनं तर द्यायला पायजे."

धनाजीचा कप हातात तसाच होता. "ते दहा दिवस ना, काकी?" त्यानं विचारलं.

"दहा? शेवटपत्तर, बाला. आजारी परले तरी साडेसहा वाजले का तीन कप. ऑपरेशनानी डोला बरा झाला होता त्यांचा, गेटवरचा मानूस दिसायचा. तुजी केस तू सोता अंगावर घेतलीस ते बी त्यांना कललेलं. म्हनायचे, आता येल. एकदा तरी यायचास रं."

"काकी, मी आलो व्हतो," धनाजी पटकन म्हणाला. "तिसऱ्याच दिवशी आलो व्हतो. गेटवर..."

आणि त्यानं वर बघितलं. दारात हरेश उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. बापाला त्यानं कधी सांगितलंच नव्हतं, आईलाही नाही. त्या घरात आता ती दोघंच होती.

माझ्या अगदी ओठावर आलं होतं. धनाजीनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, नको म्हणून.

"गेटवर काय?" काकींनी विचारलं.

"काई न्हाय, काकी," धनाजी म्हणाला. "मी आलोच न्हाय. चुकलं माझं."

हरेश वळून आत गेला. धनाजी पायरीवर मान खाली घालून रडत होता, आवाज न करता, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. त्याच्या चहाला साय धरली. काकींनी त्याच्या हातातून तो कप हळूच काढून घेतला, आत नेला आणि सवयीनं परत पातेल्यात ओतला.